भिंतीवरचे शेवाळ आणि दारातला लिंब

गेवराईहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र आईने सांगितले आणि नववीतल्या मुलीने लिहून काढले आहे. मुलीच्या विज्ञानाच्या अभ्यासात वनस्पतींचे वर्गीकरण आले. मॉस म्हणजे भिंतीवरच्या शेवाळाचा गट खालच्या पायरीवर आणि फुले येणारी झाडे सर्वांत वरच्या पायरीवर, असे तिने पाठ केले. ती मोठ्याने पाठ करीत असताना भाकरी थापणाऱ्या आईने विचारले, "ही पायरी कोणी लावली आणि कशावरून लावली?" मुलीला सांगता येईना. तेव्हा दोघींनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला आहे.

प्रश्न फार चांगला आहे. वर आणि खाली हे शब्द ऐकले की आपले कान का टवकारतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण विज्ञानात राग येऊन भागत नाही, तपासून पाहावे लागते. म्हणून या खेपेला आम्ही दोघांना समोरासमोर उभे करणार आहोत. एका बाजूला घराच्या मागच्या भिंतीवरचे मॉस आणि दुसऱ्या बाजूला दारातला कडुनिंब, ज्याला आपण मराठवाड्यात नुसते लिंब म्हणतो.

दोघांची ओळख

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण विहिरीतल्या हिरव्या तंतूंनाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही शेवाळच म्हणतो. पण ही दोन वेगळी कुळे आहेत. विहिरीतले ते शैवाल. भिंतीवरच्या मखमलीकडे जवळून पाहिले, तर एकेक इवलेसे रोप दिसते. त्याला बारीक खोड असते आणि खोडाभोवती पाने असतात. तेच मॉस. त्याच्या जगभर सुमारे १२,००० जाती आहेत. आपल्याकडे सिमेंटच्या आणि चुन्याच्या ओलसर भिंतींवर, पुलांच्या बांधकामावर जी जात नेहमी आढळते, तिचे शास्त्रीय नाव हायोफिला इन्व्होल्युटा. उंची अर्धा ते एक सेंटीमीटर. इन्व्होल्युटा म्हणजे आत गुंडाळलेली. हे नाव तिला का मिळाले, ते पुढे येईलच.

लिंबाचे शास्त्रीय नाव अॅझाडिरॅक्टा इंडिका. १८३० साली फ्रेंच शास्त्रज्ञ आद्रियां द ज्युस्यू यांनी हे नाव निश्चित केले. त्यातला पहिला शब्द फारसीतल्या 'आझाद दरख्त' वरून आला. निजामाच्या राजवटीत उर्दू शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना त्याचा अर्थ सहज कळला असता: आझाद झाड. लिंब १५ ते २० मीटर उंच वाढतो, शंभराहून अधिक वर्षे जगतो आणि चैत्रात पांढऱ्या बारीक सुवासिक फुलांनी भरून जातो.

एक नखाएवढे आणि दुसरे पाच-सहा मजली इमारतीएवढे. नुसते डोळ्यांनी पाहिले, तर पायरी आपोआप लागल्यासारखी वाटते. पण आता आपण दोघांना एकच प्रश्न विचारू. गेवराईत तो सगळ्यांना विचारावा लागतो: पाणी नसेल तेव्हा तुम्ही काय करता?

पाण्याचा हिशोब

बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, पैठणच्या जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडे जातो, तरीही कोरड्या वर्षी टँकरची वाट पाहावी लागते. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो. २०१२-१३ चा आणि २०१५-१६ चा तर आताच्या तरुणांनीही पाहिला. त्या वर्षांत मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पण बांधावरचे जुने लिंब बहुतेक ठिकाणी हिरवे राहिले. आणि भिंतीवरचे वाळून काळे पडलेले मॉसही पुढच्या मृगाच्या सरीने हिरवे झाले. दोघेही वाचले, मात्र दोघांचे वाचण्याचे मार्ग अगदी उलटे आहेत.

लिंब पाणी शोधतो आणि साठवतो. त्याचे सोटमूळ जमिनीत खोल जाते. खोडात बारीक नळ्यांचे जाळे असते, त्यातून पाणी शेंड्यापर्यंत चढते. पानाच्या पृष्ठावर मेणासारखा लेप असतो. पानाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ऊन फार झाले की लिंब ही दारे मिटून घेतो आणि पाण्याची नासाडी थांबवतो. म्हणूनच फाल्गुन-चैत्रात, बाकी रान उघडे पडलेले असताना, लिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटते. वरचे रान कोरडे असते, पण त्याचा हात खालच्या ओलाव्यापर्यंत पोचलेला असतो. हाच त्याचा कमकुवत दुवाही आहे. बोअरवर बोअर घेऊन आपण भूजल फार खोल नेले, तर त्याचेही हात तोकडे पडतात.

मॉसला यातले काहीच नाही. खरी मुळे नाहीत. जे केसासारखे धागे दिसतात त्यांना मूलाभ म्हणतात, ते मुख्यतः भिंतीला धरून राहण्यासाठी असतात. लिंबासारख्या पाण्याच्या नळ्या नाहीत. पानाला जाड मेणाचा लेप नाही. मधली शीर सोडली, तर पान एकाच पेशीच्या जाडीचे. पाऊस पडला की ते सबंध अंगाने पाणी पिते आणि ऊन पडले की सबंध अंगाने वाळते. पाणी साठवायची कोठारेच नाहीत.

मग ते जगते कसे? ते थांबते. हवा कोरडी झाली की मॉसच्या पेशीही हवेइतक्याच कोरड्या होतात. बहुतेक झाडांची पाने इतकी वाळली, तर मरतात, कारण पेशीच्या आतली पडदी फाटतात. मॉसच्या पेशीत साखर आणि काही खास प्रथिने साठलेली असतात. पाणी गेल्यावर ती पेशीचे भाग जागच्या जागी सांभाळून ठेवतात. पाने कडेने आत वळतात, गुंडाळी होते. इन्व्होल्युटा हे नाव त्यावरूनच पडले. श्वास, वाढ, अन्न तयार करणे, सगळा कारभार बंद होतो. पहिली सर आली की पान काही मिनिटांत उघडते, मोडतोड दुरुस्त होते आणि पुन्हा कामाला सुरुवात होते.

ही थांबण्याची विद्या किती दूरवर जाते, याचे एक उदाहरण वाचण्याजोगे आहे. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर शास्त्रज्ञांनी गोठलेल्या जमिनीतून मॉसचा जुना थर काढला. तो दीड हजार वर्षांपूर्वीचा होता. प्रयोगशाळेत ऊब आणि उजेड मिळताच त्याला नवे हिरवे कोंब फुटले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. तिथे वाळण्यापेक्षा गोठणे होते, पण मुद्दा तोच: सगळे थांबवून जीव राखणे.

आता आपल्या कणगीतली ज्वारी आठवा. वर्षभर कोरडी पडून राहते आणि पेरली की उगवते. तिच्या दाण्यात जी संरक्षक प्रथिने असतात, त्याच घराण्यातली प्रथिने मॉसच्या पानात सापडतात. म्हणजे फुलांच्या वनस्पतींनी ही विद्या पार टाकून दिली नाही, बहुतेकांनी ती बियांपुरती ठेवली. गंमत अशी की लिंब याबाबतीत कच्चा आहे. निंबोळीचे बी काही आठवड्यांतच उगवण्याची शक्ती गमावू लागते. ज्यांना लिंब लावायचा आहे, त्यांनी जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, लगेच पेराव्यात. पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवल्या, तर हाती काही लागत नाही.

दुकानदाराच्या मुलाने लावलेला शोध

दोघांतला सर्वांत मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो शोधून काढणाऱ्या माणसाची गोष्ट घरातल्या मुलांना जरूर सांगावी.

विल्हेल्म हॉफमायस्टर याचा जन्म १८२४ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. वडिलांचा पुस्तकांचा आणि संगीताच्या प्रकाशनाचा व्यवसाय होता. पंधराव्या वर्षी त्याची शाळा संपली आणि तो हॅम्बुर्गला एका संगीताच्या दुकानात उमेदवारी करू लागला. विद्यापीठात तो कधी शिकला नाही. नजर इतकी अधू की वस्तू डोळ्याशी धरावी लागे. दिवसा दुकानाचा धंदा आणि पहाटे सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती, असा त्याचा क्रम होता. १८५१ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतिशास्त्राची दिशा त्या ग्रंथाने बदलली. १८६३ साली हायडेलबर्गच्या विद्यापीठाने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावले. ज्या दारातून तो विद्यार्थी म्हणून आत गेला नव्हता, त्या दारातून तो गुरुजी म्हणून गेला.

त्याने दाखवले ते असे. जमिनीवरच्या प्रत्येक वनस्पतीच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एक पिढी नर आणि मादी पेशी तयार करते. त्यांच्या मिलनातून दुसरी पिढी उभी राहते आणि ती बीजाणू तयार करते. बीजाणूपासून पुन्हा पहिली पिढी. पुढे गुणसूत्रे मोजता येऊ लागली, तेव्हा पहिल्या पिढीत गुणसूत्रांचा एकच संच आणि दुसरीत दोन संच असतात, हेही कळले.

मॉसच्या बाबतीत भिंतीवरची हिरवी मखमल ही पहिली पिढी. पावसाळ्यात तिच्यावर कधी कधी उभ्या काड्या दिसतात, काडीच्या टोकाला इवलीशी कुपी असते. ती काडी आणि कुपी म्हणजे दुसरी पिढी. ती आयुष्यभर आईच्या अंगावरच उभी राहते आणि तिच्याकडूनच पाणी आणि बरेचसे अन्न घेते.

लिंबाच्या बाबतीत सगळे उलटे आहे. मूळ, खोड, फांद्या, पाने असा आपल्याला दिसणारा संपूर्ण वृक्ष ही दुसरी पिढी आहे. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रे, म्हणजे १४ चे दोन संच. मग पहिली पिढी कुठे गेली? ती फुलात लपली आहे. दोन-तीन पेशींचा परागकण आणि बीजांडातला मोजक्या पेशींचा भ्रूणकोष, एवढेच तिचे शरीर उरले आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मॉसच्या मखमलीची बरोबरी लिंबाच्या झाडाशी लावायची नाही, ती लागते लिंबाच्या परागकणाशी. आणि लिंबाच्या अख्ख्या झाडाची बरोबरी लागते मॉसच्या त्या काडीशी. एकाने एक पिढी वाढवली, दुसऱ्याने दुसरी. नववीच्या विद्यार्थ्यांनी एवढे समजून घेतले, तर पुढे अकरावी-बारावीत पिढ्यांच्या एकांतरणाचा धडा पाठ करावा लागणार नाही.

मॉसच्या नर पेशींना मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पाण्याचा थर लागतोच, म्हणून पुस्तकात या गटाला वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात. लिंबाने ही अट सोडवून घेतली आहे. त्याचे पराग कीटक नेतात, निंबोळ्या खाऊन पाखरे आणि वटवाघळे बी दूर टाकतात. हा लिंबाचा खरा लाभ आहे आणि तो मान्य केला पाहिजे. फुलांच्या वनस्पतींच्या तीन लाखांवर जाती झाल्या, त्यामागे असे लाभ आहेत. मॉसनेही आपली सोय केलीच आहे. आपली हायोफिला पानांच्या बगलेत चांदणीच्या आकाराचे सूक्ष्म कण तयार करते. पावसाच्या थेंबाबरोबर ते पसरतात आणि त्यांच्यापासून सरळ नवे रोप उगवते. तेव्हा नर-मादीची गरज पडत नाही.

पायरी नव्हे, फांदी

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. पायरी कोणी लावली?

जगातल्या सर्व जिवांची एक शिडी आहे, तळाशी दगडधोंडे आणि टोकाला माणूस, हा विचार युरोपात फार जुना आहे. डार्विनच्याही आधीचा. वनस्पतींची नावनिशी करणाऱ्यांनी तो सवयीने उचलला आणि साध्या बांधणीच्या वनस्पतींना खालच्या, गुंतागुंतीच्या बांधणीच्या वनस्पतींना वरच्या म्हणू लागले. खुद्द डार्विनने आपल्या संग्रहातल्या एका पुस्तकाच्या समासात, वरचा-खालचा हे शब्द वापरायचे नाहीत, अशी स्वतःलाच ताकीद लिहून ठेवली होती. सवय इतकी घट्ट, की पुढे त्याच्याही लिखाणात ते शब्द आलेच.

जमिनीवर वनस्पती आल्या त्याला सुमारे ४७ कोटी वर्षे झाली. त्यानंतर मॉसची वाट आणि लिंबाच्या पूर्वजांची वाट वेगळी झाली, त्यालाही ४० कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आजचे मॉस हे लिंबाचे आजोबा नाहीत, दूरचे चुलतभाऊ आहेत. वाट फुटल्यापासून दोघेही सारखाच काळ चालत आले. एकाच वृक्षाच्या दोन फांद्या असाव्यात तसे हे आहे. फुलांच्या वनस्पती उशिरा, तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ठळकपणे दिसू लागतात. उशिरा येणे म्हणजे वर चढणे नव्हे.

कोणी म्हणेल, मोठ्या झाडात माहितीचा साठा तरी मोठा असेल. तेही तपासले गेले आहे. भिंतीवरच्या मॉसच्या नात्यातल्या फिस्कोमिट्रियम नावाच्या मॉसची जनुके २००८ साली वाचली गेली. ती तीस हजारांहून अधिक भरली. लिंबाच्या जनुकांचा पहिला मसुदा बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात ती वीस हजारांच्या आसपास होती. यावरून मॉस श्रेष्ठ ठरत नाही, कारण जनुकांची संख्या हा मोठेपणाचा मापदंड नाही. पण पायरी लावणाऱ्याच्या हातातले आणखी एक माप खोटे ठरते, एवढे नक्की.

तेव्हा मुलीने परीक्षेत काय लिहावे? गटांची नावे, लक्षणे आणि उदाहरणे पुस्तकात आहेत तशीच लिहावीत. मुळे, पाणी वाहणाऱ्या नळ्या, बी आणि फूल यांवरून केलेले गट खरे आहेत आणि उपयोगीही आहेत. फक्त 'खालची' लिहिण्याऐवजी 'साध्या बांधणीची' लिहावे. शास्त्र तेवढेच सांगते.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. झाडाझुडपांत वर-खाली नाही म्हणून माणसांतही नाही, असा युक्तिवाद कोणी करू नये. निसर्गाचा दाखला देऊनच आजवर कित्येकांनी माणसांची उतरंड योग्य ठरवली आहे. उद्या निसर्गात कुठे उतरंड सापडली, तर काय आपण ती स्वीकारणार आहोत? माणसाची समता शेवाळावर उभी नाही. ती माणसांनी विचार करून, लढून मिळवली आहे आणि संविधानात लिहून ठेवली आहे. निसर्गाकडून आपण एवढेच घ्यावे, की कोणी पायरी दाखवली तर माप कोणते, हे आधी विचारावे.

घरच्या घरी प्रयोग

हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाळ्यात भिंतीवरचा वाळलेला, काळपट मॉसचा नखाएवढा तुकडा चाकूने हलकेच काढावा. बशीत ठेवून त्यावर स्वच्छ पाण्याचे चार-पाच थेंब टाकावेत. जवळ एखादे साधे भिंग असले, तर उत्तम. काही मिनिटांत गुंडाळलेली पाने उघडताना दिसतात आणि काळपट रंग हिरवा होत जातो. दुसऱ्या बशीत लिंबाची आठ दिवस वाळवलेली डहाळी पाण्यात ठेवावी. ती पुन्हा जिवंत होत नाही. मुलांनी दोन्ही बशांचे चित्र वहीत काढून, खाली किती मिनिटांनी काय दिसले, ते लिहावे. धड्यातले एक पान यातून कायमचे लक्षात राहील.

आता थोडे घराविषयी. भिंतीवर बारा महिने मॉस हिरवे राहत असेल, तर तो त्याचा दोष नाही. आतून पाणी झिरपते आहे, याची ती खूण आहे. नळाचा जोड, टाकीचा तळ, न्हाणीची मोरी तपासून घ्यावी. नुसते खरवडून काही होत नाही, ओल राहिली की ते पुन्हा येते. मात्र न्हाणीत, जिन्यावर आणि पाणी भरण्याच्या ओट्यावर ते पावसाळ्याआधी ताठ ब्रशने घासून काढावे. हंडा-कळशी घेऊन घसरलेल्या म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडले, तर वर्षाची कमाई जाते. जिथे कोणाचा पाय पडत नाही, अशा पडक्या बांधावर ते राहू द्यावे. त्यात धूळ अडकते, ओल टिकते आणि हळूहळू मातीचा थर तयार होतो.

लिंब लावायचा तर घराच्या भिंतीपासून आणि शौचालयाच्या टाकीपासून चार-पाच मीटर दूर लावावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात भांडी घासल्याचे, राख-मातीचे पाणी घातले, तरी तो तग धरतो. मुळे खोल गेली की मग तो आपले पाणी आपण पाहतो.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना आणखी एक सांगणे आहे. तुम्ही शाळेत किती शिकलात ते पत्रात नाही. पण मुलगी पाठ करीत असताना 'कशावरून?' असे विचारणारी आई घरात असली, तर शिकवणीची फी भरून जे मिळत नाही, ते त्या मुलीला मिळते आहे. इतर घरांतही असे प्रश्न निघत असतील. ते आमच्याकडे पाठवावेत. उत्तर ठाऊक नसेल, तर शोधून लिहू.